दहा दिवसांचं बाळ आणि डॉक्टर आनंदीबाई

पोर किरकिरायला लागलं की आपला हात आधी त्याच्या कपाळावर जातो, मग गळ्यापाशी, पोटावर. पण हाताचा भरवसा नाही. भांडी घासून आपलेच हात गार पडलेले असले, तर बाळ उगाच तापलेलं वाटतं. म्हणून तर घाटकोपर-मुलुंडच्या दोन खोल्यांच्या घरातही थर्मामीटर हाताशी ठेवतात. मुलुंडहून हीच लोकल पुढे ठाण्यावरून कल्याणला जाते. त्या कल्याणच्या जोशांची यमुना म्हणजे आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी.

जन्म १८६५चा. नवव्या वर्षी पोस्टात नोकरीला असलेल्या गोपाळराव जोशींशी लग्न झालं आणि यमुनाची आनंदी झाली. नवरा बिजवर, वयानं खूप मोठा, बायकोनं शिकलंच पाहिजे म्हणून हट्ट धरणारा, त्यासाठी प्रसंगी हात उगारणारा. (त्यांचं कौतुक करताना हे विसरू नये असं मला वाटतं.) चौदाव्या वर्षी आनंदीला मुलगा झाला. तो जेमतेम दहा दिवस जगला. वेळेवर औषधपाणी मिळालं नाही, ही सल तिच्या मनातून गेली नाही. पुरुष डॉक्टरला दाखवायची बायकांना लाज आणि बाई डॉक्टर तर नव्हतीच.

ताप मोजायचं साधन मात्र जगात आलं होतं. इंग्लंडमधल्या क्लिफर्ड ऑलबट या डॉक्टरांनी १८६७च्या सुमारास सहा इंचांचा थर्मामीटर पुढे आणला. तो पाच मिनिटांत ताप सांगायचा. आधीची नळी फूटभर लांब, वीसेक मिनिटं धरावी लागे. तान्हं मूल इतका वेळ शांत राहील का? पण आपल्याकडच्या बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीपर्यंत ना ती नळी पोचली होती, ना ती वाचणारी बाई.

ती बाई व्हायला आनंदी १८८३मध्ये कलकत्त्याहून बोटीनं अमेरिकेला निघाली. फिलाडेल्फियात बायकांचं वैद्यकीय कॉलेज होतं. नऊवारी, शाकाहार आणि तिथली हाडं गोठवणारी थंडी! ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय तिनं निवडला तो बाळंतपणाचाच.

आज दहा दिवसांच्या बाळासाठी काय करायचं, हे आपल्याला कळतं. डिजिटल थर्मामीटरचं टोक कोरड्या काखेत नीट लावायचं, हात अंगाशी धरायचा, बीप होईपर्यंत थांबायचं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त भरला, तर घरगुती उपाय नकोत, तडक डॉक्टर. इतक्या लहानग्याचं अंग गार पडलं, ते दूध ओढेनासं झालं, तरीही तसंच. मोठ्या माणसांचं ऐकत बसू नये.

आनंदीबाई १८८६च्या अखेरीस परतल्या त्या क्षय घेऊनच. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड इस्पितळात बायकांच्या विभागाची जागा त्यांच्यासाठी ठेवली होती. रुजू होणं झालंच नाही. क्षयाचे जंतू १८८२मध्येच सापडले होते, पण औषध यायला अजून साठेक वर्षं होती. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. बावीसही पुरी नव्हती. त्यांची रक्षा अमेरिकेतल्या कार्पेंटर मावशींकडे पाठवली गेली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी, त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली गेली.