मंत्रयोगी श्री टेंबे स्वामी महाराज

आपल्या कोकणच्या लाल मातीत जन्मलेले थोर मंत्रयोगी म्हणजे प. प. श्री वासुदेवानंद सरस्वती ऊर्फ टेंबे स्वामी महाराज. कुडाळ तालुक्यातील माणगाव येथे शके १७७६ च्या श्रावण वद्य पंचमीस (सन १८५४) गणेशभट्ट व रमाबाई यांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. मुंजीनंतर संध्या व गायत्रीजप हेच त्यांचे व्रत झाले. पुढे नृसिंहवाडीस श्री गोविंदस्वामींकडून त्यांना मंत्रोपदेश लाभला.

सन १८८३ मध्ये त्यांनी माणगावी दत्तमंदिर उभारले. पण सन १८८९ मध्ये दत्ताज्ञा मानून ते मागे ठेवले व पत्नीसह गाव सोडला. सन १८९१ मध्ये गंगाखेड येथे पत्नी अन्नपूर्णाबाई निवर्तल्या. महाराजांनी संन्यास घेतला आणि पायी भारतभ्रमण केले. घर सुटले, मंदिर सुटले. जप मात्र सुटला नाही.

जप म्हणजे नुसती माळ ओढणे नव्हे. पतंजलींनी जपासोबत अर्थचिंतनही सांगितले आहे. उच्चार शुद्ध, अर्थ ध्यानी व चित्त स्थिर असेल तरच जपाचा योग होतो. महाराजांनी आपल्या संस्कृत स्तोत्रांच्या अक्षरांत मंत्र गुंफले, तसाच संस्कृत न जाणणाऱ्या भाविकांसाठी दिगंबर नामाचा अठरा अक्षरी मंत्र घरोघरी पोचविला.

सन १९१४ मध्ये नर्मदातीरी गरुडेश्वर येथे ते समाधिस्थ झाले.

ग्रामस्थहो, जीर्णोद्धाराने चिरा नवा झाला. गाभाऱ्यात नित्य जप चालू राहिला, तरच हे देऊळ जागते राहील.