दिंडीतल्या इरावतीबाई

ज्येष्ठ महिन्यात त्र्यंबकेश्वराहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी बेलापूरवरून आपल्या राहुरीत येते, मुक्काम करते आणि डोंगरगणच्या वाटेने नगरकडे जाते. हा सोहळा आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणापासून पाहिलेला आहे. शिवाय ताहाराबाद आपल्याच तालुक्यातले. तिथल्या महिपतीबुवांनी १७६२ साली ‘भक्तिविजय’ लिहून संतांची चरित्रे घरोघरी पोचविली. तेव्हा राहुरीच्या वाचकाला वारी म्हणजे काय हे सांगण्याचे कारण नाही. मात्र एक गोष्ट पाहूनही आपल्या ध्यानात येत नाही. दिंडीत बायका पुष्कळ असतात, आणि त्यांतल्या कितीतरी जणींच्या सोबत घरचे कोणीही नसते. ना नवरा, ना मुलगा, ना भाऊ. जी बाई एरवी बाजारालासुद्धा कोणाला तरी विचारून जाते, ती पडशी खांद्याला लावून पंधरा-वीस दिवस परक्या गावांतून चालते, उघड्यावर निजते, आणि घरचे लोक त्याला हरकत घेत नाहीत. आपल्या समाजाने बाईला एकटीने घराबाहेर पडण्याच्या ज्या थोड्या वाटा ठेवल्या, त्यांत ही सर्वांत लांब.

या वाटेने एक विदुषीही गेली होती. कपाळी बुक्का लावून देवाला भेटायला निघालेल्या बायकांत ती चालली, त्यांच्याबरोबर जेवली, आणि परत येऊन तिने जे लिहिले ते वाचताना अजूनही जीव थोडा खाली-वर होतो. डॉ. इरावती कर्वे हे नाव समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते ते नातेसंबंधांवरील ग्रंथामुळे, आणि मराठीच्या विद्यार्थ्याला ‘युगान्त’मुळे. दिंडीतल्या इरावतीबाई मात्र दोघांच्याही अभ्यासक्रमाच्या जरा बाहेर राहतात.

त्यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील म्यिंज्यान या गावी झाला. वडील गणेश हरी करमरकर तेथे नोकरीला होते. ब्रह्मदेशातील इरावती या मोठ्या नदीवरून मुलीचे नाव ठेवले. जिला जन्मतःच नदीचे नाव मिळाले तिचे पाय एका जागी ठरायचे नाहीत, असे आपल्याकडच्या एखाद्या आजीने म्हटले असते. सातव्या वर्षी मुलीला शिक्षणासाठी पुण्यास, हुजूरपागेच्या वसतिगृहात धाडले. पुढे रँग्लर परांजपे यांच्या घरी त्यांना दुसरे घर मिळाले. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९२६ साली तत्त्वज्ञान घेऊन त्या बी. ए. झाल्या, आणि मुंबईस डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली १९२८ मध्ये एम. ए. झाल्या. विवाह झाला तो महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव दिनकर यांच्याशी. ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक, पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य.

येथे एक गंमत आहे, आणि ती सांगितलीच पाहिजे. ज्या अण्णांनी विधवांसाठी आणि मुलींच्या शिक्षणासाठी सारे आयुष्य वेचले, त्यांना सुनेने जर्मनीला शिकायला जाणे पसंत पडले नाही. मोठी माणसेही घरच्या बाईच्या बाबतीत आपापल्या उंबरठ्याशी थबकतात. दिनकररावांनी मात्र पत्नीची बाजू घेतली. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज काढले आणि इरावतीबाई १९२८ साली बर्लिनला गेल्या.

बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. युरोपियन वंश बुद्धीने श्रेष्ठ, आणि ते श्रेष्ठत्व कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेत दिसावे, अशी त्यांची अटकळ होती. या मराठी मुलीने सुमारे दीडशे कवट्या मोजल्या आणि असमानतेचा वंशाशी काही संबंध दिसत नाही असे आपल्या गुरूच्या मताविरुद्ध प्रबंधात लिहून दिले. १९३० साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. हेच फिशर पुढे नाझी राजवटीच्या वंशविचाराचे आधारस्तंभ झाले हे ध्यानात घेतले, म्हणजे पंचविशीही न उलटलेल्या विद्यार्थिनीच्या त्या निष्कर्षाचे मोल कळते. जे मोजले ते लिहायचे, मग समोर कोणी का असेना, ही सवय त्यांना तिथे लागली असावी. दिंडीत ती उपयोगी पडली.

परत आल्यावर काही वर्षे त्यांनी श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठात कुलसचिवाचे काम केले. त्यात त्यांचा जीव रमला नाही. १९३९ मध्ये पुण्याचे डेक्कन कॉलेज संशोधनसंस्था म्हणून नव्याने सुरू झाले, तेथे त्या समाजशास्त्राच्या प्रपाठक झाल्या आणि निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिल्या. परंतु ‘तेथेच राहिल्या’ म्हणणे कितपत बरोबर? माणसांची मोजमापे घेणे, रक्ताचे नमुने जमविणे, कोणत्या जातीत मामेबहीण चालते, कोठे चालत नाही, हे विचारीत खेडोपाडी आणि रानावनांत हिंडणे, हे त्यांचे खरे काम. मोटार जाईल तिथवर मोटार, पुढे बैलगाडी, त्यापुढे पाय. पुण्यात स्कूटर चालविणाऱ्या पहिल्या बायकांत त्यांची गणना होते. गुजरातेत लांघणज येथे डॉ. सांकलियांच्या उत्खननात मध्याश्मयुगीन माणसांचे सांगाडे निघाले, तेथेही त्या होत्या. पदरी तीन मुले, जाई, आनंद आणि गौरी, आणि हा असा पायाला भिंगरी लावलेला व्यवसाय!

अशी बाई आळंदी-पंढरपूर वाटेवर गेली. घरात सुधारकी वातावरण, नवसासायासांशी संबंध नाही. तरी त्या गेल्या. ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर एका दिंडीत सामील झाल्या आणि इतर बायांसारख्या चालू लागल्या. ही वाट सुमारे अडीचशे किलोमीटरांची. पुणे सोडले की दिवे घाटाची चढण, मग सासवड, जेजुरी, वाल्हे, नीरेचे स्नान, लोणंद, तरडगाव, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी. वर आषाढाचे ढग, खाली चिखल नाहीतर फुफाटा. या चालण्यावर त्यांनी ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. त्याचे इंग्रजी भाषांतर दिनकरराव आणि फ्रँकलिन साउथवर्थ यांनी केले आणि ते १९६२ साली अमेरिकेतील ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’मध्ये छापून आले. वारीसंबंधी परदेशी अभ्यासक काही लिहितात तेव्हा बहुधा त्या लेखाचे बोट धरूनच चालतात.

लेखातली एक गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. ठिकठिकाणचे लोक, त्यांच्या बोली, त्यांचे वेश पाहता पाहता इरावतीबाईंना महाराष्ट्राची नवी व्याख्या सापडली. ज्या मुलखातले लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र. भाषावार प्रांतरचनेचा वाद चालू असलेल्या काळात हे किती सुटसुटीत वाटले असेल! व्याख्यानांत ही व्याख्या टाळ्या घेते. परंतु त्याच लेखातली दुसरी गोष्ट टाळ्या घेत नाही, आणि मला तीच मोठी वाटते.

त्यांच्या दिंडीत ब्राह्मण होते आणि मराठे होते. सारे एकत्र चालत, एकत्र अभंग म्हणत, एकमेकांच्या पाया पडत. मात्र जेवणाची वेळ झाली की चुली दोन आणि पंगती दोन. सगळेच अंघोळ करून जेवणारे, स्वच्छ. मग हा वेगळेपणा कशाचा? एकत्र चालणे आणि गाणे हे केवळ परलोकातल्या ऐक्यासाठी, आणि इहलोकी ज्याची त्याची पंगत निराळी, असा याचा अर्थ का, हा प्रश्न त्यांच्या मनातून चालताना जाईना. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केले ते १९४७ च्या मे महिन्यात. देवाचे दार त्या वर्षी उघडले. चुलीचे दार वेगळे असते.

इरावतीबाईंनी यावर व्याख्यान दिले नाही. त्या मराठा बायकांच्या पंगतीला जाऊन जेवल्या. त्यानंतर त्या बायका अधिक जवळ आल्या, हात धरून चालू लागल्या, घरचे सांगू लागल्या, ताई म्हणू लागल्या. आम्ही पुण्याला आलो म्हणजे तुमच्याकडे येऊ, असेही काहीजणी म्हणाल्या. तेव्हा त्यांतल्या एका तरुण मुलीने साधेच विचारले, की आत्ता वागता तशाच तेव्हाही आमच्याशी वागाल का? हा प्रश्न बाईंच्या काळजाला झोंबला. हजारो वर्षे शेजारी राहूनही ती माणसे आपली नाहीत आणि आपण त्यांचे नाही, हे त्यांनी तिथल्या तिथे मान्य केले. ज्यांनी बर्लिनमध्ये गुरूला उत्तर दिले त्यांना या पोरीला चटकन उत्तर देता आले नाही, आणि ते त्यांनी लपविलेही नाही.

हा लेख मी प्रथम वाचला तेव्हा मला माझी आजी आठवली. आजोबा वारल्यानंतरच्या वर्षी ती राहुरीतून पालखीबरोबर गेली, एकटी. वाटेत तिला एक मैत्रीण मिळाली. दोघी एकाच ताडपत्रीखाली निजत, एकमेकींचे पाय चेपीत. आजीने आम्हाला तिच्या इतक्या गोष्टी सांगितल्या की आम्ही तिला न पाहताच मावशी म्हणू लागलो. पुढे एकदा ती मावशी बाजाराच्या दिवशी आमच्याकडे आली. ओसरीवर बसली. आजीने चहा केला, तो कपाटातल्या कपांतून नव्हे, मोरीजवळच्या फळीवर जो एक वेगळा कप असे त्यातून दिला. मावशीने चहा घेतला, उठून कप विसळला आणि पालथा ठेवला, जणू तिला जागा ठाऊकच होती. कोणी काही बोलले नाही. मी तेव्हा आठ वर्षांची होते. मला एवढेच वाटले की मावशी फार थोडा वेळ बसली. त्यानंतर ती आली नाही. गेल्या वर्षी आजी मला म्हणाली, तिला जरा फोन लावून दे. तेव्हा आमच्या लक्षात आले की तिचा नंबर कोणाजवळच नाही.

इरावतीबाईंवर आक्षेप घेता येतात, नाही असे नाही. त्या परत येणार हे ठरलेले होते. त्यांच्यामागे घर होते, पगार होता, डेक्कन कॉलेजचे टेबल होते, आणि चालताना मनात लेख आकार घेत होता. ज्या बायांना परत गेल्यावर दारे तशीच बंद मिळायची, त्यांचे एकटेपण आणि बाईंचे एकटेपण एका मापाने मोजता येणार नाही. बाईंना हे कळत होते असे मला वाटते. ‘परिपूर्ती’ या १९४९ सालच्या संग्रहातील त्याच नावाच्या लेखात त्यांनी आपलीच थट्टा केली आहे. सभेत त्यांची ओळख अमक्यांची सून, अमक्यांची पत्नी अशी करून दिली जाते आणि काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. ते राहिलेले पुरे होते कुठे, तर रस्त्यावर, शाळेतली मुले ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई म्हणून ओळखतात तेव्हा. एवढी पंडिता, पण बाईची ओळख दुसऱ्याच्या नावाने होते हे हसत हसत सांगून मोकळी झाली. दिंडीत त्यांना कोणी सून म्हणून वा पत्नी म्हणून विचारले नसेल. तिथे त्या ताई होत्या.

पुढचे आयुष्य ग्रंथांचे आहे, ते थोडक्यात सांगते. १९५३ साली भारतातील नातेसंबंधांवरील त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ आला. त्यात देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार भाग कल्पून लग्नसंबंधांच्या रीती मांडल्या आहेत. १९६१ मध्ये हिंदू समाजावरील विवेचन, १९६७ मध्ये ‘युगान्त’. महाभारतातल्या माणसांना त्यांनी देवपण उतरवून माणसे म्हणून पाहिले, आणि १९६८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार त्याला मिळाला. मला मात्र १९६९ चा एक अहवाल अधिक बोलका वाटतो. कोयना धरणाने उठविलेल्या लोकांची पाहणी त्यांनी जाई निंबकर या कन्येबरोबर केली. साठी उलटलेली बाई पुन्हा गावोगाव जाऊन, तुमची जमीन कोठे गेली आणि देव कोठे ठेवले, असे विचारते आहे. बारागाव नांदूरजवळ मुळेचे पाणी ज्या ज्ञानेश्वरसागरात साठते त्याच्या तळाशीही गावे गेली आहेत. तेव्हा हा विषय आपल्याला परका नाही, आणि आपल्यापैकी कोणी तो प्रकल्पासाठी घ्यावा असे मी सुचवून ठेवते.

११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात, झोपेतच, इरावतीबाई गेल्या. त्यांचा ‘गंगाजल’ हा लेखसंग्रह त्यांच्यामागून १९७२ साली निघाला. नदीचे नाव घेऊन आलेल्या बाईचे शेवटचे पुस्तकही नदीच्याच नावाचे निघाले.