दाढेतील चांदी आणि डॉ. ब्लॅक

दाढेत चांदी भरून घेतली, असे आपल्या घरातील वडीलधारी मंडळी सहज सांगतात. पण ती निव्वळ चांदी नसते. चांदी, कथील आणि थोडे तांबे यांच्या मिश्रधातूची भुकटी पाऱ्यात घोटली की मऊ गोळा तयार होतो आणि काही तासांत तो चांगला घट्ट होतो. याला अमाल्गम म्हणतात. हे काम अंदाजाचे न ठेवता मोजमापाचे ज्यांनी केले, त्या डॉ. ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक यांचा परिचय आम्ही या अंकात देत आहोत.

ब्लॅक यांचा जन्म ३ ऑगस्ट १८३६ रोजी अमेरिकेतील इलिनॉय प्रांतात विंचेस्टर गावाजवळ एका शेतकरी कुटुंबात झाला. शाळेत त्यांना फार शिकता आले नाही. सतराव्या वर्षी ते वैद्य असलेल्या थोरल्या भावाकडे औषधशास्त्र शिकू लागले. पुढे एका दंतवैद्याच्या हाताखाली काही महिने काढले आणि विंचेस्टरला स्वतःचा दवाखाना थाटला. अमेरिकेच्या यादवी युद्धात ते उत्तरेच्या सैन्यात होते. तेथे गुडघ्याला इजा झाली. १८६४ पासून ते जॅक्सनव्हिल गावी स्थायिक झाले. दिवसा रोगी आणि उरलेल्या वेळात रसायनशास्त्र व सूक्ष्मदर्शक, असा त्यांचा क्रम होता.

त्या काळी अमाल्गमवरून दंतवैद्यांत मोठे भांडण होते. १८४५ मध्ये तिथल्या दंतवैद्यांच्या संघटनेने ते वापरणे हा गैरव्यवहार ठरवला. या वादापायी ती संघटनाच १८५६ मध्ये मोडली. सोने महाग, म्हणून गरिबाला अमाल्गमच परवडे. पण त्याचा भरवसा नव्हता. कधी ते आक्रसे, कधी फुगे. आक्रसले की दात आणि भरणे यांच्यामध्ये केसाएवढी फट पडे, त्यात अन्नकण शिरत आणि वरून चकचकीत दिसणाऱ्या दाढेला आतून पुन्हा कीड लागे. रोग्याला हे कळायचे ते दाढ दुखू लागल्यावरच.

बाकीचे वाद घालत असताना ब्लॅक मोजत बसले, आणि आम्हाला त्यांचे मोठेपण यातच दिसते. वेगवेगळ्या प्रमाणांची मिश्रणे करून ती किती आक्रसतात, किती फुगतात, दाबाखाली किती दबतात हे त्यांनी सूक्ष्म मापकाने नोंदवले. माणूस किती जोराने चावतो, हे मोजण्याचे यंत्रही त्यांनी बनवले. त्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. एकाच मिश्रधातूचा ताजा कीस आणि ठेवून जुना झालेला कीस वेगवेगळे वागतात! त्या काळच्या पुष्कळ गोंधळाचे मूळ इथे होते. १८९५-९६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांच्या सुधारलेल्या मिश्रणात चांदी दोन तृतीयांशाहून थोडी अधिक, कथील सुमारे पाव भाग आणि बाकी थोडे तांबे व जस्त होते. पुढची कित्येक दशके याच धर्तीची मिश्रणे चालली.

पण मिश्रण चांगले असून भागत नाही. अमाल्गम दाताला चिकटत नाही, ते खाचेत अडकून बसते. म्हणून कीड काढल्यावर खड्डा कसा कोरावा, याचे नियम त्यांनी घालून दिले: तळ सपाट हवा, भिंती गोळ्याला धरून ठेवतील अशा हव्यात, कडेला ठिसूळ एनॅमल राहता कामा नये. गोळा थोडा थोडा घालून दाबत जायचे, म्हणजे आत पोकळी राहत नाही आणि जादा पारा वर येतो. तो काढून टाकायचा. दाढेची एक बाजूच गेली असेल, तर तिथे धातूची पातळ पट्टी लावून भिंत करायची. गोळा घट्ट होऊ लागला की कोरणी भरण्यालगतच्या त्याच दाताच्या पृष्ठभागावर टेकवून उंचवटे आणि खाचा कोरायच्या, नाहीतर कडेला खळगा पडतो. भरणे उंच राहिले तर प्रत्येक घासाला तेच आधी लागते. घासूनपुसून चकाकी मात्र त्याच दिवशी द्यायची नाही. पूर्ण घट्ट झाल्यावर, पुढच्या खेपेस द्यायची. सराफ दागिना करतो, तसेच हे काम आहे.

१८९७ पासून अखेरपर्यंत ते शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या दंत महाविद्यालयाचे प्रमुख होते. (ते महाविद्यालय २००१ मध्ये बंद झाले.) १९०८ मध्ये त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला. किडीच्या जागेवरून त्यांनी केलेले पाच वर्ग दंतवैद्यकाचे विद्यार्थी आजही पाठ करतात. अमाल्गम मात्र आता मागे पडत आहे. पाऱ्यामुळे पर्यावरणाला होणारा अपाय लक्षात घेऊन युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून, वैद्यकीय गरजेचे अपवाद सोडून, त्याचा वापर थांबवला. दाताच्याच रंगाचे, दाताला चिकटणारे भरणे आल्यामुळे खड्डाही आता लहान कोरावा लागतो.

सत्तरी ओलांडल्यावर, १९०९ मध्ये, कोलोरॅडो प्रांतातील मुलांच्या दातांवरील तपकिरी डाग पाहण्यासाठी ते गेले. डॉ. फ्रेडरिक मॅके या तरुण दंतवैद्यासोबत त्यांनी त्या डागांचा अभ्यास आरंभला. असे डाग आपल्याकडे झाबुआ, धार भागातील मुलांच्या दातांवरही आढळतात. ३१ ऑगस्ट १९१५ रोजी ब्लॅक वारले, तेव्हा कारण हाती आले नव्हते. पिण्याच्या पाण्यातील जास्त फ्लोराइडमुळे हे होते, असे १९३१ मध्ये कळले.