माळरानावर वाडी वसविणारे लक्ष्मणराव

गावाच्या शिवारात एखादा कारखाना उभा राहतो, तेव्हा लांबून प्रथम नजरेस पडते ती कुंपणाची भिंत. तिच्यामागे पत्र्याची छपरे आणि धुराडे. परभणी, मानवत, सेलूच्या कापूसपट्ट्यातील जिनिंग कारखान्यांपासून राज्यभरातील औद्योगिक वसाहतींपर्यंत हे दृश्य परिचयाचे आहे. गाव भिंतीच्या अलीकडे आणि कारखाना पलीकडे, अशी जणू वाटणीच झालेली असते. परिसराशी नाते सांगणारा कारखाना कसा उभारावा, हा प्रश्न आज वास्तुरचनाकारांना पडतो. शतकापूर्वी दक्षिण महाराष्ट्रातील एका ओसाड माळावर तो यांत्रिक रेखाटनाच्या एका माजी शिक्षकाने आपल्या परीने सोडविला होता. ते शिक्षक म्हणजे उद्योगमहर्षी लक्ष्मणराव काशीनाथ किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. शालेय अभ्यासात त्यांचे मन रमले नाही. ओढ होती ती चित्रांची आणि यंत्रांची. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. मात्र आपल्याला काही रंगांतील फरक ओळखता येत नाही, हे तेथे त्यांच्या ध्यानात आले. चित्रकार होण्याचे स्वप्न तेथेच संपले. रंग दुरावले, तरी रेषा हाताशी होती. यांत्रिक रेखाटनाचे शिक्षण घेऊन ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. यंत्र कागदावर उतरवायचे, त्याचा प्रत्येक भाग दुसऱ्याशी कसा जुळतो हे आधी रेषेत पाहायचे आणि मगच धातूला हात घालायचा, ही शिस्त त्यांच्या अंगी तेथे मुरली.

१८८८ मध्ये बेळगावात सायकलींचा व्यापार सुरू झाला. वडीलबंधू रामचंद्रराव ऊर्फ रामूअण्णा तो पाहत असत. संस्थेत हक्काची बढती डावलून एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला देण्यात आली, तेव्हा लक्ष्मणरावांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि ते बेळगावी परतले. सायकलींच्या जोडीला छोटी कार्यशाळा आली. कडबा कापण्याची यंत्रे तयार होऊ लागली आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर आकाराला आला.

नांगर तयार झाला, पण गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. लाकडी नांगरावर पिढ्यान् पिढ्या शेती केलेल्या माणसाला हे नवे अवजार परके वाटणे स्वाभाविक होते. पहिले नांगर विकले जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. शेतकऱ्याला काय खुपते हे ऐकून घेणे आणि त्यानुसार नांगरात बदल करणे, एवढाच मार्ग लक्ष्मणरावांपुढे होता. वस्तू उत्तम असली, तरी ती ज्या मातीत वापरायची तेथील माणसाने आपली म्हटल्याखेरीज तिला अर्थ नाही, हा धडा त्यांना या दोन वर्षांनी दिला. पुढे वसाहत उभारताना तो त्यांच्या उपयोगी पडला.

धंद्याला गती येत असतानाच बेळगावातील जागेवर गदा आली. शहराच्या नव्या उपनगराच्या आखणीसाठी ती सोडण्याचा हुकूम नगरपालिकेकडून आला. भांडवल तोकडे आणि यंत्रसामग्री हलवायची कोठे, हा पेच होता. या कठीण काळात औंध येथील देवीच्या मंदिराच्या सभामंडपाचे काम लक्ष्मणरावांना मिळाले. त्यातून औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याशी त्यांचा स्नेह दृढ झाला. १९०९ मध्ये गादीवर आलेले बाळासाहेब स्वतः चित्रकार होते, कलेचे जाणकार होते. त्यांनी संस्थानात कारखाना काढण्याचे निमंत्रण दिले, कर्जाची सोय केली आणि कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळ ३२ एकर जमीन देऊ केली.

पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील हे स्थानक कारखान्याला सोयीचे होते. ओतशाळेला लागणारे कच्चे लोखंड आणि कोळसा रेल्वेने उतरणार होता, तयार नांगर रेल्वेनेच गावोगाव जाणार होते. पण स्थानकापलीकडे काहीच नव्हते. निवडुंगाची दाट बने, त्यांत साप आणि विंचू, पाण्याचे दुर्भिक्ष, असा तो माळ होता. मार्च १९१० मध्ये मोजके सहकारी कुटुंबकबिल्यासह येथे उतरले. निवडुंग तोडून जमीन मोकळी करण्यापासून कामाला प्रारंभ झाला. यंत्रे बसविण्याचे काम आणि बायकामुलांच्या निवाऱ्याची सोय एकाच वेळी पाहावी लागली.

येथे लक्ष्मणरावांपुढे दोन वाटा होत्या. चार भिंतींत यंत्रे बसवून कामगारांना आसपासच्या गावांतून ये-जा करू देणे ही सोपी वाट होती. त्यांनी दुसरी निवडली. इंग्रजी आणि अमेरिकी तांत्रिक नियतकालिकांचे त्यांचे वाचन दांडगे होते. कारखान्याभोवती कामगारांसाठी आखीव गाव वसविण्याचे प्रयोग त्या काळी पाश्चात्य देशांत गाजत होते. इंग्लंडमध्ये साबण कारखानदार लिव्हर यांनी १८८८ पासून पोर्ट सनलाइट उभारले होते आणि कॅडबरी कुटुंबाने बोर्नव्हिल. भारतात टाटांच्या पोलाद कारखान्यासाठी साकची येथे नगर आकार घेत होते. या सर्वांमागे प्रचंड भांडवल होते. कुंडलच्या माळावर पैसा नव्हता. तेथे वसाहत उभी राहायची होती ती काटकसरीने, स्थानिक हातांनी आणि वर्षानुवर्षांच्या कष्टाने.

या कामाची धुरा रामूअण्णांनी वाहिली. पाणीपुरवठा, रस्ते, घरे, सांडपाणी, स्वच्छता, बागा यांची व्यवस्था त्यांच्याकडे होती. कारखान्यात जितके लक्ष भट्टीकडे आणि साच्याकडे, तितकेच वसाहतीत पाण्याकडे आणि झाडांकडे दिले गेले. जेथे सावली शोधावी लागत होती, तेथे झाडे वाढली. शंभूराव जांभेकरांनी इंजिन आणि यंत्रांची जबाबदारी घेतली, मंगेशराव रेगे यांनी हिशेब सांभाळला. शाळेत मन न लागलेले अनंतराव फळणीकर येथे येऊन निष्णात यंत्रज्ञ झाले. पदवीपेक्षा हातातील कसब पाहून माणूस निवडण्याची ही रीत होती. त्यामुळे परिसरातील शेतकऱ्यांची मुलेही ओतकाम, सुतारकाम, कातकाम शिकू शकली.

वसाहत परिसरात सामावली ती माणसांच्या या नात्यांमुळे. शिक्षा भोगून आलेल्या तुकाराम आणि पिराजी या रामोश्यांवर लक्ष्मणरावांनी पहारेकऱ्याचे काम सोपविले. गावाने ज्यांना संशयाने पाहिले, त्यांच्याच हाती कारखान्याची राखण दिली आणि त्यांनीही तो विश्वास सार्थ केला. वसाहतीत अस्पृश्यता पाळण्यास बंदी होती. जातीनुसार आळ्या पाडण्याची गावगाड्याची रीत जशीच्या तशी उचलणे त्या काळी सोपे आणि लोकमान्यही होते. गावाशी जुळवून घ्यायचे म्हणजे गावातील सर्व काही स्वीकारायचे, असा अर्थ लक्ष्मणरावांनी लावला नाही. झाडे, मोकळी जागा, परस्परांची ओळख हे त्यांनी गावाकडून घेतले, शिवाशिव मात्र वेशीबाहेर ठेवली.

वसाहतीला किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले आणि पुढे रेल्वे स्थानकही त्याच नावाने ओळखले जाऊ लागले. वाडी म्हणजे मोठ्या गावाच्या शिवारातील छोटी वस्ती. औंध संस्थानातच १९१६ मध्ये सुरू झालेल्या ओगले बंधूंच्या काच कारखान्याचे गावही ओगलेवाडी झाले. कारखान्याच्या वसाहतीला नगर किंवा पूर असे भारदस्त नाव न देता वाडी म्हणण्यात परिसराशी असलेले नाते आपोआप व्यक्त झाले.

या वाडीतून बाहेर पडणारा मालही शिवारातलाच होता. लोखंडी नांगर, उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे अशी अवजारे येथे घडली. ज्या शेतकऱ्याच्या बांधाला लागून कारखाना होता, त्याच्याच हाती कारखान्याची वस्तू पडत होती. पहिल्या महायुद्धात परदेशी नांगरांची आवक थांबली आणि मागणी वाढली, पण लोखंड आणि कोळसा दुर्मिळ झाला. त्या अडचणीतून कारखाना तगला. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघाले आणि माळरानावरची ही वाडी मराठी वाचकांच्या घराघरांत पोहोचली. १९२६ च्या सुमारास पाण्याचे पंप तयार होऊ लागले.

अशा वसाहतींना एक दुसरी बाजूही असते. घर आणि रोजगार दोन्ही एकाच मालकाच्या हाती असले, की नोकरी सुटताच डोक्यावरचे छप्परही जाते. पोर्ट सनलाइटपासून साकचीपर्यंत सर्वच वसाहतींना हे लागू होते आणि किर्लोस्करवाडीही त्याला अपवाद नव्हती. त्यामुळे मालकाच्या वृत्तीला तेथे असाधारण महत्त्व येते. लक्ष्मणराव स्वतः त्याच वाडीत, कामगारांच्या शेजारी राहत होते, ही गोष्ट म्हणूनच मोलाची ठरते.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. तोवर किर्लोस्कर उद्योगाचा विस्तार पुणे, बंगळूर, हरिहरपर्यंत झाला होता. आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात असलेल्या किर्लोस्करवाडीत पंपांचा कारखाना सुरू आहे.

गावालगत नवा कारखाना उभारताना कौलारू छप्पर घातले किंवा दर्शनी भिंतीला स्थानिक दगड लावला, की इमारत परिसराला साजेशी झाली असे मानले जाते. त्यानेही काही अंशी फरक पडतो. परंतु पाणी कोठून येणार, सांडपाणी कोठे जाणार, गावातील मुलांच्या हाताला कोणते काम मिळणार आणि फाटकावर कोण उभा राहणार, हे प्रश्न नकाशा काढण्यापूर्वीच सोडवावे लागतात. रंग न ओळखू शकणाऱ्या लक्ष्मणरावांनी कुंडलच्या माळावर ते १९१० मध्ये सोडवायला घेतले होते. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीवर उद्या जे कारखाने उभे राहतील, त्यांच्या आराखड्यांनाही याच प्रश्नांची उत्तरे द्यावी लागणार आहेत.