डॉ. द्वारकानाथ कोटणीस : चरित्र आणि चित्रपट

१९३७ साली सुरू झालेल्या चीन-जपान युद्धाने पूर्व आशियातील चित्रपटसृष्टीला एक दीर्घकाळ टिकणारा विषय दिला. या युद्धावरील चित्रपटांच्या इतिहासात सोलापूरच्या एका डॉक्टरचे नाव दोनदा येते. १९४६ साली ते मुंबईत येते आणि १९८२ साली चीनमध्ये. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे अवघ्या बत्तीस वर्षांचे आयुष्य आणि त्यावरून तयार झालेली पडद्यावरील प्रतिमा यांचा एकत्र विचार केला, तर चरित्रातील कोणता भाग कथारूपाला वश होतो व कोणता त्याच्या हाती लागत नाही, हे स्पष्ट होते.

कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे झाला. गिरण्यांचे हे शहर १९३० च्या लष्करी कायद्यामुळे स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात नोंदले गेले आहे. वैद्यकीय शिक्षण त्यांनी मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात घेतले. पदव्युत्तर शिक्षणाची तयारी चालू असतानाच त्यांच्या जीवनाला निराळे वळण लागले. चिनी सेनानी चू तेह यांनी जवाहरलाल नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्याची मागणी केली होती. काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांच्या पुढाकाराने निधी जमला आणि पाच डॉक्टरांचे पथक सिद्ध झाले. अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल हे पथकाचे प्रमुख होते, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू व डॉ. देवेश मुखर्जी आणि सर्वांत तरुणांपैकी एक असलेले कोटणीस हे अन्य सदस्य होते. १ सप्टेंबर १९३८ रोजी पथकाने मुंबई सोडली.

पथकाचा प्रवास ज्या मार्गाने झाला, जवळजवळ त्याच मार्गाने त्या वर्षी चिनी चित्रपटसृष्टीही स्थलांतर करीत होती, ही बाब लक्षणीय आहे. शांघाय जपान्यांच्या हाती गेल्यावर अनेक चित्रपटकार हान्कौ येथे एकत्र आले होते. शांघायमधील एका गोदामाचा बचाव करणाऱ्या सैनिकांवरील ‘आठशे वीर’ हा चित्रपट त्याच शहरात १९३८ साली तयार झाला. कँटनमार्गे हान्कौला पोहोचलेल्या भारतीय पथकालाही ते शहर पडण्यापूर्वीच सोडावे लागले आणि ते यांगत्सी नदीच्या मार्गाने चुंगकिंगला गेले. तिसरा टप्पा येनानचा. डच चित्रपटकार योरिस इव्हेन्स यांनी दिलेल्या कॅमेऱ्याच्या आधारे तेथे नुकताच एक लहानसा चित्रपटगट उभा राहिला होता. ‘रस्त्यावरील देवदूत’ या १९३७ च्या शांघायच्या चित्रपटाचे दिग्दर्शक युआन मू-चिह आणि छायाचित्रकार वू यिन-शिएन हे त्या गटाचे आधारस्तंभ होते.

चुंगकिंग येथे कोटणीसांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. घरी परतण्यास हे कारण पुरेसे होते. तथापि ते पथकाबरोबर पुढे निघाले आणि फेब्रुवारी १९३९ मध्ये येनानला पोहोचले. चीनमध्ये त्यांना ‘के ती-ह्वा’ हे नाव मिळाले. त्यातील ‘ह्वा’ हा चीनवाचक शब्द पथकातील सर्वांच्या नावांत होता. पुढे एकेक सहकारी मायदेशी परतला. अखेरीस बसू येनानमध्ये आणि कोटणीस उत्तरेकडील सीमाप्रदेशात, असे दोघेच चीनमध्ये उरले. त्या प्रदेशात कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून यांचे नोव्हेंबर १९३९ मध्ये रक्तदोषाने निधन झाले होते. त्यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले.

हे रुग्णालय म्हणजे एखादी स्थिर वास्तू नव्हती. जपानी सैन्याच्या मोहिमा सुरू झाल्या की रुग्ण, औषधे व उपकरणे घेऊन त्याला खेड्याखेड्यांतून हलावे लागे. औषधांचा तुटवडा नित्याचाच होता. शस्त्रक्रियांबरोबरच अध्यापनाचे कामही कोटणीसांकडे होते आणि ते चिनी भाषेत करावयाचे होते. ती भाषा त्यांनी परिश्रमपूर्वक आत्मसात केली. १९४१ मध्ये परिचर्या शिकविणाऱ्या कुओ चिंग-लान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये जन्मलेल्या मुलाच्या ‘यिन-ह्वा’ या नावात भारत व चीन या दोन्ही देशांचे निर्देश होते. याच काळात त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. तरीही काम थांबले नाही. विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेवरील पाठ्यपुस्तकाचे लेखन चालू असतानाच ९ डिसेंबर १९४२ रोजी होपेई प्रांतात त्यांचा मृत्यू झाला.

दोन वर्षांच्या आत हे चरित्र ख्वाजा अहमद अब्बास यांनी इंग्रजी पुस्तकात मांडले. त्यावरून अब्बास व वसंत साठे यांनी पटकथा रचली आणि व्ही. शांताराम यांनी ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट १९४६ मध्ये पडद्यावर आणला. नायकाची भूमिका स्वतः शांतारामांनी, तर चिंग-लानची भूमिका जयश्री यांनी केली. संगीत वसंत देसाई यांचे होते. मराठी माणसाची ही कथा मराठी दिग्दर्शकाने सांगितली, परंतु ती हिंदी व इंग्रजी या भाषांत.

युद्धपट आणि प्रेमकथा यांचा संयोग हे त्या दशकातील पूर्व आशियाई चित्रपटांचे एक वैशिष्ट्य होते. ‘चीनमधील रात्री’ या १९४० च्या जपानी चित्रपटात शांघायमधील जपानी नौकाधिकारी एका अनाथ चिनी मुलीचे मन जिंकतो. तिला त्याने मारलेली थप्पडच प्रेमाचे कारण ठरते. चिनी म्हणून प्रसिद्ध केलेली त्यातील नायिका यामागुची योशिको वस्तुतः जपानी होती. तेथे विवाह हे आक्रमणाचे समर्थन बनते; शांतारामांच्या चित्रपटात त्याच साच्यातून दोन पीडित राष्ट्रांच्या स्नेहाचा अर्थ निघतो. तथापि साच्याची किंमत चरित्राला द्यावी लागली. चित्रपटाने साथीच्या रोगाशी झुंज आणि शत्रूच्या हाती सापडण्याचा प्रसंग यांवर भर दिला आणि शेवटी चिंग-लानला बाळासह सोलापूरच्या घरी आणले. प्रत्यक्षात साथीने नव्हे, तर अपस्माराने कोटणीसांचा अंत केला. आणि चिंग-लान यांनी आपले आयुष्य चीनमध्येच घालविले. सोलापूरच्या आप्तांशी मात्र त्यांनी नाते राखले.

चीनमध्ये परकीय डॉक्टर हा विषय प्रथम बेथ्यून यांच्या रूपाने आला. त्यांच्यावरील चित्रपट १९६४ मध्ये पूर्ण झाला, परंतु सांस्कृतिक क्रांतीच्या उलथापालथीमुळे १९७७ पर्यंत प्रेक्षकांसमोर येऊ शकला नाही. कोटणीसांवरील चिनी चित्रपट १९८२ चा. त्यांच्या मृत्यूला तेव्हा चाळीस वर्षे होत होती. भारत व चीन यांच्यातील खंडित झालेले राजदूतस्तरीय संबंध १९७६ मध्ये पुन्हा जुळले होते. ज्या देशात कोटणीसांनी काम केले, तेथे त्यांची कथा भारतात पडद्यावर आल्यानंतर छत्तीस वर्षांनी चित्रपटाचा विषय झाली.

युद्धपटाला पराक्रमाचा एखादा क्षण लागतो. कोटणीसांच्या आयुष्यातील निर्णायक गोष्ट अशा एका क्षणात सापडत नाही. वडील गेल्यावर न परतणे, सहकारी परतल्यावर मागे राहणे, परकी भाषा शिकून वर्ग घेणे, आजार ओळखूनही हस्तलिखित पुढे नेणे, अशा लहान लहान निर्णयांची ती मालिका आहे. शिच्याच्वांग येथील हुतात्मा स्मारकात त्यांची समाधी बेथ्यून यांच्या समाधीजवळ आहे. मात्र त्यांच्या कार्याचे सर्वांत खरे स्मारक म्हणजे तेथे शिकलेल्या विद्यार्थ्यांनी पुढे केलेल्या शस्त्रक्रिया. त्यांची गणना कोणत्याही पटकथेत झालेली नाही.