कथाकर्त्री मेरी लॅम

शेक्सपियरच्या नाटकांतील प्रेमकथा प्रथम कोणत्या पुस्तकांतून वाचल्या, असें इंग्रजी शिकलेल्या पालकांस विचारलें, तर पुष्कळजण लॅमच्या गोष्टींचें नांव घेतील. त्या पुस्तकाचा कर्ता म्हणून चार्ल्स लॅम प्रसिद्ध आहे. परंतु त्यांतील वीस गोष्टींपैकीं चौदा त्याच्या बहिणीनें लिहिल्या, आणि आज आम्ही तिचीच हकीकत सांगणार आहोंत.

मेरीचा जन्म लंडन येथें ३ डिसेंबर १७६४ रोजीं झाला. बाप सॅम्युएल सॉल्ट नांवाच्या वकिलाच्या पदरीं कारकून होता. त्या वकिलाच्या ग्रंथसंग्रहांत या मुलीस मुक्तद्वार असे. शाळा मात्र तिला थोडीच लाभली. दहा वर्षांनीं धाकटा चार्ल्स चांगल्या शाळेंत शिकून १७९२ सालीं ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरींत कारकुनीस लागला. मेरी दिवसा शिवणकाम करून घरखर्चास हातभार लावी, आणि रात्रीं आजारी आईची शुश्रूषा करी.

या श्रमांनीं तिचें चित्त भ्रमलें, व २२ सप्टेंबर १७९६ रोजीं वेडाच्या भरांत तिच्याच हातून आईचा प्राण गेला. ही गोष्ट मुलांपुढें मांडावी कीं नाहीं, याचा आम्हीं पुष्कळ विचार केला. पण ती गाळल्यास पुढील कांहींच नीट समजणार नाहीं. पंचांनीं तिला वेडी ठरविलें. चार्ल्स तेव्हां अवघा एकवीस वर्षांचा. त्यानें बहिणीचा भार आपल्या शिरावर घेतला, आणि तो जन्मभर अविवाहितच राहिला. झटके पुनःपुन्हा येत. लक्षणें दिसूं लागतांच दोघें भावंडें रडत रडत इस्पितळाची वाट चालूं लागत.

विल्यम गॉडविन व त्याची पत्नी मुलांचीं पुस्तकें छापीत. त्यांच्यासाठीं १८०६ सालीं दोघें एकाच मेजाशीं बसून या गोष्टी लिहूं लागलीं. सहा शोककथा चार्ल्सनें घेतल्या. बाकीच्या मेरीकडे आल्या, आणि आमच्या मतें तेंच काम अधिक बिकट. शोकान्त नाटकाचा धागा बहुधा सरळ असतो. प्रेमाच्या नाटकांत वेषांतरें, जुळीं भावंडें व गैरसमज यांचा गुंता फार. ‘बारावी रात्र’ या नाटकाची गोष्ट लिहितांना तिनें मॅल्व्होलिओ हें पात्र सबंध गाळलें आणि व्हायोलाची कथा एकसूत्री ठेविली. साधेल तेथें शेक्सपियरचेच शब्द ठेवावयाचे, व त्याच्या काळानंतर इंग्रजींत शिरलेले शब्द होतां होईल तों टाळावयाचे, असा त्यांचा नेम होता. म्हणजे मूल पुढें मूळ नाटकाकडे वळलें कीं भाषा ओळखीची वाटावी. किती नायिकांस पुरुषवेष घ्यावा लागतो, हें पाहून मात्र बिचारी त्रासली, व महाकवीस कल्पनांची वाण होती कीं काय, अशी तिला शंका आली!

हें पुस्तक मुख्यतः मुलींसाठीं होतें. बापाचीं पुस्तकें मुलग्यांच्या हातीं लवकर पडतात, हें प्रस्तावनेंत सांगून, कठीण भाग भावांनीं बहिणींस समजावून द्यावा, अशी विनंती केली आहे. (आमच्या वरच्या वर्गांतील मुलग्यांनीं ती विनंती अवश्य वाचावी.)

१८०७ सालीं पुस्तक निघालें, तेव्हां त्यावर नांव एकट्या चार्ल्सचें होतें. तो १८३४ सालीं वारला. मेरीचें नांव मुखपृष्ठावर आलें तें १८३८ च्या सातव्या आवृत्तींत. २० मे १८४७ रोजीं तिनें देह ठेविला, आणि एडमंटन येथें भावाच्याच थडग्यांत तिला पुरण्यांत आलें.