लक्ष्मणराव किर्लोस्कर : माळावरचं स्टेशन आणि लोखंडी नांगर

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, वाहतुकीचा पाठ शिकवताना आपण बोरीबंदर ते ठाणे, १८५३ एवढं सांगून पुढे जातो. पण रेल्वेने खेड्याचं काय झालं? हे मुलांना समजावायला मला लक्ष्मणराव किर्लोस्करांचं चरित्र फार उपयोगी पडतं.

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ चा, बेळगावजवळच्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईला जे. जे. मध्ये गेले, तर रंग नीट ओळखता येत नाहीत असं निघालं! मग यांत्रिक ड्रॉइंग शिकले, व्हीजेटीआयमध्ये शिकवलं. तिथे बढती डावलली गेली तशी नोकरी सोडून बेळगावला भावाकडे, रामूअण्णांकडे आले. सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीला विष चढतं अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली.

नांगराला जरा गिऱ्हाईक लागतंय तोच कारखान्याची जागा नगरपालिकेला हवी झाली. घरदार, यंत्रं, कामगार घेऊन जायचं कुठे? औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळ ३२ एकर माळ दिला, कर्जही दिलं. माळ कसला, निवडुंग, दगड आणि साप! पाण्याचीही ओरडच. पण शेजारी कुंडल रोड स्टेशन होतं, पुणे-मिरज मार्गावरचं. कारखान्याला लागतं ओतीव लोखंड आणि कोक. बैलगाडीने ते किती आणणार? आणि तयार झालेले जड नांगर दूरच्या शेतकऱ्यापर्यंत कसे पोचणार? रूळ नसते तर त्या माळावर कारखाना टिकणं अवघडच होतं, असं मला तरी वाटतं.

१९१० मध्ये सगळे तिथे आले. आधी राहायला झोपड्या, मग भट्टी. पहिल्या महायुद्धात विलायती लोखंड येईना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले. (हे सांगितलं की वर्ग एकदम शांत होतो.) पुढे उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं, पाण्याचे पंप निघाले. शेतातच राबणाऱ्या कित्येकांच्या हाताला ओतकामाचं, सुतारकामाचं काम आलं.

लक्ष्मणराव १९५६ मध्ये वारले. कुंडल रोड स्टेशनच्या पाटीवर आता किर्लोस्करवाडी असं नाव आहे. नकाशात पुणे-मिरज रेघेवर मुलांना ते शोधायला लावा.